पाचशे एकपासून पुढे

शेटजींची पहिली अट अशी होती की नंबर एकपासून सुरू करायचे नाहीत.

"एक नंबरचा कूपन कोणाला देणार, मॅडम? लोक समजेल दुकान काल उघडला," असं म्हणत त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. मुंबईत परळजवळ हिंदमाताला त्यांच्या वडिलांपासूनचं साड्यांचं दुकान आहे. अख्खा परळ-नायगाव तिथे साड्या घेत आला आहे, तरी त्यांना ही भीती. मी म्हटलं, मग पाचशेपासून करू. पाचशे चालेना, कारण शेवटी शून्य येतं. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो तसा इथेही वर एक पाहिजे. म्हणून पाचशे एक ठरलं. पण पाचशे एक नंबरचं कूपन त्यांनी स्वतः छापून घेतलं आणि गल्ल्यामागच्या देव्हाऱ्यात ठेवून दिलं, म्हणजे गिऱ्हाइकांची सुरुवात पाचशे दोनपासून. दुकान त्यांचं, देव त्यांचा.

काम तसं छोटं होतं. दुकानाची वेबसाइट मीच करून दिलेली. आता त्यावर एक कूपन ठेवायचं होतं. बाईने घरबसल्या वेबसाइट उघडायची, 'कूपन घ्या' या बटणावर बोट ठेवायचं, की तिच्यासाठी एक नंबर तयार होणार. तो नंबर कूपनावर येणार, आणि ते कूपन कागदावर छापून दुकानात आणलं की एका सुती साडीवर सूट. मी सुचवून पाहिलं की कागद कशाला, मोबाइलवरच दाखवू देत. शेटजींनी मान हलवली.

"मोबाइल तर सगळाच दाखवते. कागद हातात पाहिजे. मी हप्त्याला नंबर लावून बघणार. पाचशे दोन, पाचशे तीन, पाचशे चार. मधला कुठे राहिला, मला समजला पाहिजे."

क्रमाने नंबर देण्यात काय मोठंसं आहे, असं ज्याला वाटतं त्याने ते एकदा करून बघावं. पिशवीतून चिठ्ठी काढावी तसे वेडेवाकडे नंबर देणं सोपं असतं. क्रमाने, मध्ये खळगा न पडता आणि एकच नंबर दोघांना न जाता द्यायचे म्हटलं की डोक्याला ताप होतो. एक बाई लालबागेत बसून बटण दाबते, त्याच क्षणी दुसरी गिरगावात दाबते. दोघींना वाटतं पुढचा नंबर आपला. तेव्हा एकीला क्षणभर दारात थांबवून दुसरीला आत घ्यावं लागतं, आणि थांबवलंय हे तिला कळूही द्यायचं नसतं. शिवाय हौशी माणसं असतातच. नंबर आवडला नाही म्हणून पान पुन्हा उघडतील, पुन्हा नंबर घेतील. त्यांच्यासाठी मी नियम केला की एका मोबाइलला एकच नंबर. कितीही वेळा मागा, तोच जुना नंबर समोर येणार. कूपनाच्या तळाशी मी बारीक अक्षरात लिहूनही टाकलं: एका व्यक्तीस एकच कूपन, एका कूपनावर एकच साडी. आणि वापरलेला नंबर गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर पुन्हा टाकला की पडद्यावर लाल खूण येईल अशी सोय केली.

हे सगळं नीट चालतं का ते तपासायचं तर दोन माणसांनी एकाच वेळी बटण दाबून बघायला हवं. माझ्याकडे दुसरं माणूस नव्हतं. पूर्वी मी गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करायचे, तेव्हा बाजूच्या टेबलावर हाक मारली की कोणी तरी दाबायचं. आता मी परळला भाड्याच्या खोलीत एकटी काम करते. दातांचे डॉक्टर, क्लासवाले, लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेणारे, अशा लोकांच्या वेबसाइट करून देते. तर मी डाव्या हातात मोबाइल घेतला, उजवं बोट लॅपटॉपवर ठेवलं, तोंडाने "एक, दोन, तीन" म्हटलं आणि दोन्ही एकदम दाबलं. दर वेळी आधीचे नंबर पुसून असं पुष्कळ वेळा केलं. प्रत्येक वेळी दोन वेगळे नंबर आले, लागोपाठचे. मी इतकी खूश झाले की कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि खोलीभर बघितलं. मग उठून भांडी घासली.

नंबरांवरून शेटजींशी माझं एक भांडणही झालं. त्यांना कूपन घेणाऱ्या बाईचं नाव आणि मोबाइल नंबर हवा होता. त्यावर माझं डोकं फिरलं. साडीवर चार पैसे सूट दिलीत म्हणून आयुष्यभर तिच्या मागे मेसेज लावणार का, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. नाव विचारलंत की बायका पान बंद करून मोकळ्या होतील, असंही घाबरवलं. गल्ल्यावर बसणाऱ्या आंटींनी माझी बाजू घेतली. या आंटी म्हणजे माझगावच्या कॅथलिक बाई, शेटजींच्या वडिलांच्या काळापासून गल्ल्यावर आहेत आणि शेटजींना त्या अजून लहानच समजतात. "नाव कशाला पायजे तुला? साडी विक," त्या म्हणाल्या. झालं, आम्ही जिंकलो. नंबर गेला एवढंच माझ्या कॉम्प्युटरला कळणार होतं, कोणाला गेला ते कळणार नव्हतं. मला त्याचा फार अभिमान वाटला.

आता ताईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ताई माझी मोठी बहीण. आम्ही दोघी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. ती परळच्या एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसून पेशंटना नंबर द्यायची. लग्न होऊन बदलापूरला गेली तरी रिटायर होईपर्यंत रोज यायची आणि जाताना चाळीत आईकडे डोकावायची. मी लग्न केलं नाही, आईपाशी राहिले. आई गेली. मग नव्या इमारतीसाठी चाळ रिकामी करायची वेळ आली आणि खोलीच्या कागदावर नाव कोणाचं, हा प्रश्न निघाला. राहत मी होते, म्हणून नाव माझं लागलं. ताईला खोली नकोच होती. आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही, हे तिला लागलं. ती बोलली, मी बोलले. आम्ही दोघी आईच्या वळणावर गेलेल्या, त्यामुळे शब्द खाली पडू द्यायचा ठाऊकच नाही. खोलीला कुलूप लागलं आणि आमचं बोलणं संपलं. सणाला फोन नाही, आजारपणात नाही. चाळ पाडायला घेतली तेव्हा वाटलं होतं की निदान आज तरी ती फोन करेल. तिलाही तेच वाटलं असणार.

एरवी माणूस कामात असतं, चालून जातं. एप्रिलमध्ये चालत नाही. जयंतीला पांढरी साडी लागते, आणि ती घ्यायला आम्ही दोघी दर वर्षी हिंदमाताला यायचो, याच दुकानात. आई होती तेव्हा तिघी. शेटजींची ओळख तिथलीच, वेबसाइटचं कामही त्याच ओळखीतून मिळालेलं. ताईला निळ्या काठाची साडी आवडायची आणि दोघींनी सारखीच घ्यावी असा तिचा हट्ट असायचा. मी म्हणायचे, सारख्या नेसलो तर बँडवाल्या दिसू. ती म्हणायची, दिसू दे. आंटी गल्ल्यावरून ओरडायच्या, "दोन निळी काढ रे, ह्यांचं भांडण काय संपायचं नाय." भांडण दर वर्षी व्हायचं आणि साड्या दर वर्षी सारख्याच यायच्या. भांडणानंतरच्या पहिल्या जयंतीला मी दुकानात गेलेच नाही. जुनी साडी इस्त्री करून नेसले आणि विहारात मागच्या रांगेत बसून घरी आले.

तर कूपन सुरू झालं त्या दिवशी मी विहारातल्या बायकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर त्याची लिंक टाकली. खाली लिहिलं: "आपल्या हिंदमाताच्या दुकानाचं कूपन आहे. कूपनाचं काम यंदा माझ्याकडे आहे. पांढऱ्या साड्यांवर सूट आहे, सगळ्यांनी जरूर या." त्या ग्रुपवर ताई आहे. ती कधी काही लिहीत नाही, पण वाचते. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या नव्हत्या, ती एकटी होती. मग सरळ फोन का नाही केला, असं कोणीही विचारेल. फोन केला असता तर पहिलं वाक्य मला बोलावं लागलं असतं. ग्रुपवर पहिलं वाक्य कोणाचंच नसतं.

अंगठा दाखवल्याची, हात जोडल्याची बरीच चित्रं आली. एकीने विचारलं, नऊवारीवर आहे का. एकीने न वाचताच गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवली. ताईचं काही नाही.

मी माझ्यापुरतं एक पान करून ठेवलं होतं. त्यावर एकच आकडा दिसायचा, शेवटचा गेलेला नंबर. खरं तर ते काम चालू आहे ना हे बघायला. पण मी ते पान सकाळी चहाबरोबर उघडायची आणि दिवसभर बंदच करत नसे. पाचशे सात. पाचशे अकरा. आकडा एकाने पुढे सरकला की मी हातातलं टाकून त्याच्याकडे बघायची. ही ताई असेल का? सकाळी लवकर सरकला तर वाटायचं, तीच, तिला पहाटे उठायची सवय आहे. दुपारी सरकला तर वाटायचं, जेवणं उरकून बसली असेल. कुकरची शिट्टी व्हायची आणि मी मनात बदलापूरच्या तिच्या ओट्याशी उभी असायची. कोणा अनोळखी बाईला कुर्ल्याहून साडी घ्यावीशी वाटत होती आणि इथे माझी पोळी तव्यावर करपत होती.

एकटेपणाबद्दल लोक मोठंमोठं बोलतात. माझा एकटेपणा फार साधा होता. भाजीवाली पाव किलोच्या खाली देत नाही, आणि पाव किलो गवार मला तीन वेळा पुरते. कोणी 'आज काय केलंस' विचारत नाही, म्हणून मी काही करायचंच सोडत चालले होते. दिवसातून एखादा फोन यायचा, तोही वेबसाइट बंद पडली म्हणून. या सगळ्यात तो आकडा हलायचा. कोणी तरी कुठे तरी बटण दाबलंय आणि ते मला कळलंय, एवढ्यावर मी तो महिना काढला. हसू येतं, पण काढला.

ग्रुपवर मग बायका साड्यांचे फोटो टाकू लागल्या. कूपनवर घेतल्या, छान आहेत, थँक्यू. प्रत्येक फोटो मी मोठा करून बघायची, मागे कोणाचा दंड, कोणाची बांगडी दिसतेय का. मी स्वतः कूपन घेतलं नाही. एकटीने जाऊन साडी काय घ्यायची.

जयंती तोंडावर आली आणि एके सकाळी शेटजींचा फोन आला.

"मॅडम, तुमचा सिस्टम गडबड करते. डुप्लिकेट निघाला."

"शक्यच नाही," मी म्हटलं.

"माझ्या हातात आहे. दोन कागद, एक नंबर. पाचशे एकोणचाळीस, पाचशे एकोणचाळीस. तुम्ही बोलला होता ना, कधी नाही होणार?"

मला राग आला तो असा की चप्पल घालून मी जिना उतरले तेव्हा केस विंचरायचे राहिले होते. परळहून हिंदमाता काही लांब नाही. पुलाखालून चालताना मी मनात सगळं पुन्हा तपासत होते. दारात थांबवलेली बाई, आत घेतलेली बाई, डावा हात, उजवा हात. कुठे चुकलं? दुकानांपुढे पुतळ्यांना पांढऱ्या साड्या नेसवून ओळीने उभं केलं होतं. एरवी मी थांबून काठ बघितले असते. त्या दिवशी मला फक्त ते दोन कागद बघायचे होते.

दुकानात गर्दी होती. शेटजींनी दोन्ही कागद गल्ल्यावर शेजारी शेजारी ठेवले, पोलिसाने पुरावा ठेवावा तसे. मी चष्मा लावला. नंबर एकच होता, खरं होतं. मग मी खालची बारीक ओळ बघितली. कूपन तयार झालं ती वेळ मी तिथे छापते. दोन्ही कागदांवर वेळ एकच होती, अगदी सेकंदापर्यंत.

"हे बघा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला हे मला कळत होतं. "नंबर दोनदा गेलेला नाही. एकच नंबर गेलाय. त्या बाईने एकाच कूपनाच्या दोन प्रती काढल्यात. झेरॉक्सवाल्याला सांगितलं असेल, दोन कॉपी दे. ही माझी चूक कशी? तुमच्या कॉम्प्युटरने दुसऱ्या वेळी हे कूपन घेतलं का?"

"नाही घेतला," शेटजी कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाले. "लाल आला."

"मग? मी केलेलं बरोबर चाललं! दोन साड्यांवर सूट उकळायला निघालेल्या बाईला त्याने बरोबर पकडलं."

शेटजी वरमले. म्हणाले, सॉरी मॅडम, चहा मागवतो. आजूबाजूच्या दोन-तीन बायका माझ्याकडे बघत होत्या. मी जिंकले होते. तेवढ्यात आंटींनी गल्ल्याचा खण बंद केला आणि माझा हात धरला.

"उकळायला काय गो बाय," त्या हळूच म्हणाल्या. "तुजी बहीण होती ती."

मी ते दोन्ही कागद पुन्हा हातात घेतले.

"परवा आयली होती, शेट नव्हता तवा. जेवून येते तर ती इथं बसलेली, या स्टुलावर. मला म्हणाली, बारकी कुठं बसते? मी म्हटलं, येते ती मधून मधून. मग म्हणाली, बसते मी. तशी बसली ती बसली. पाणी दिलं, चहा दिला. दारात कोण आलं की मान वर करून बघायची. मी म्हटलं, फोन लावू का तिला? नको म्हणाली, कामात असेल, येईल. दुकान बंद करायची वेळ झाली तवा उठली. एक निळ्या काठाची घेतली. मग दुसरा कागद पुढं केला, म्हणाली, ही तिची, तिला माझ्यासारखीच द्या. कॉम्प्युटरवर लाल आला. मी म्हटलं, बाय, एक नंबरवर एकच साडी, नियम हाय. म्हणाली, बरं, राहू दे मग. नियम हाय तर हाय. कागद इथंच ठेवून गेली. मी सवयीनं खिळ्याला टोचला."

"मला का नाही सांगितलंत, आंटी?"

"सांगू नको म्हणाली. बसली होती ते तिला सांगू नको म्हणाली." आंटींनी माझ्या हातावर थोपटलं. "पण तू तिला चोर बोललीस, मग मी काय करू?"

परवाची ती दुपार मला नीट आठवत होती. बाहेरचं काही काम नव्हतं. मी खोलीत लॅपटॉपसमोर बसून होते, आकडा हलण्याची वाट बघत. आणि तिथून चालत येण्याइतक्या अंतरावर ताई स्टुलावर बसून दाराकडे बघत होती. पंख्याखाली बसली होती की उन्हाच्या झळीत, तेही विचारायचं मला सुचलं नाही. मला रडू आलं. साड्या बघायला आलेल्या बायकांसमोर, शेटजींसमोर आलं. शेटजी घाबरले. त्यांना वाटलं, ते डुप्लिकेट म्हणाले म्हणून.

मी दुकानाच्या मागच्या बाजूला गेले, जिथे कपाटांना लागून साड्यांचे गठ्ठे रचलेले असतात, आणि फोन लावला. नंबर पाठ होता. बराच वेळ वाजला.

"हां," ताई म्हणाली. माझं नाव तिला दिसलं असणारच.

पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं, निघालं ते एवढंच, "ताई, तू दुकानात बसली होतीस?"

"त्या बाईला सांगू नको म्हटलेलं."

"अगं, मला सांगायचंस ना येतेय म्हणून. मी धावत आले असते."

"तुला काय सांगायचं? तूच बोलावलंस. जरूर या म्हणून." तिचा आवाज बारीक झाला होता, आईचा शेवटी झाला होता तसा. "कूपनाचं काम तुझ्याकडे आहे म्हणालीस, मला वाटलं तू तिथेच बसतेस. मी नंबर द्यायचे तर खिडकीत बसायचे ना? म्हटलं, तूपण टेबल टाकून बसली असशील. मी कागद पुढे करीन, तू मान वर करशील."

मी एका गठ्ठ्यावर टेकले.

"ते काम मी घरून करते, ताई."

"घरून?"

"हो. घरी कॉम्प्युटर आहे. कोणीही कूपन घेतलं की मला तिथे दिसतं."

"अगं बाई." ती जरा खुलली. "म्हणजे आम्ही इथे मोबाइलवर बटण दाबलं की तुला तिकडे कळतं?"

"हो. लगेच."

"मग तुला कळलं असेल की! पोराला नाही सांगितलं मी, माझं मी काढलं, चष्मा लावून. काढल्यावर म्हटलं पण, चला, बारकीला पोचला आपला नंबर." ती थांबली. "कळलं होतं ना तुला, मी घेतला ते?"

हो म्हणता आलं असतं. तिला तेवढंच हवं होतं आणि मलाही. पण आमच्या घरात खोटं बोलायची सवय कोणालाच नाही.

"नाही गं, ताई," मी म्हटलं. "मला नुसता नंबर दिसतो. कोणी घेतला, ते नाही दिसत."

"असं होय," ताई म्हणाली. आणि मग किती तरी वेळ आम्हा दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.